वाळणं आणि मुरणं : सिमेंट घट्ट कसं होतं

स्लॅब भरून एक रात्र उलटली की घरमालक सकाळी जिना चढून वर जातो, कडेचा कोपरा टाचेने दाबून बघतो आणि खाली येऊन सांगतो, "छान वाळलाय." आपण सगळेच असं बोलतो. गिलावा वाळला, कोबा वाळला, पायरी अजून ओली आहे, वाळू द्या. चिखल, कपडे, सारवलेलं अंगण वाळताना आयुष्यभर पाहिलेलं असतं, तोच शब्द जिभेवर येतो. पण सिमेंट वाळत नाही. कपडा वाळतो तेव्हा पाणी निघून जातं आणि कापड होतं तसंच उरतं. सिमेंटमध्ये पाणी आत राहतं, सिमेंटशी संयोग पावतं आणि आधी नसलेले पदार्थ घडवतं. म्हणून तर खाडीपुलाचे खांब पाण्याखाली भरता येतात आणि पाण्याखालीच दगडासारखे होतात. ताज्या काँक्रीटमधलं पाणी उन्हावाऱ्याने निघून गेलं, म्हणजे ते खरोखरच वाळलं, तर त्याचं घट्ट होणं तिथेच अडतं.

या क्रियेला हायड्रेशन म्हणतात. आपण तिला जलसंयोग म्हणू. शास्त्रज्ञ तिच्यामागे दोनशेहून अधिक वर्षं लागले आहेत. काही कोडी सुटली, काहींवर अजून वाद चालू आहेत, आणि जे नक्की कळलं आहे त्यातलं बरंचसं बांधकामाच्या जागेपर्यंत पोचलेलं नाही. जलसंयोगाबद्दल काय कळलं, ते कसं कळलं, आणि पाण्याचा पाइप हातात धरणाऱ्याला त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

चुन्यापासून क्लिंकरपर्यंत

आपल्याकडच्या अनेक गडांवर चुन्याचा घाणा दिसतो : दगडी वर्तुळाकार चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. चुनखडी भाजायची, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, तो मुरत ठेवायचा आणि मग वाळूबरोबर घाण्यात मळायचा. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो आणि घट्ट बनतो. ही क्रिया फार सावकाश चालते. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही तिथला चुना वर्षानुवर्षं मऊ राहू शकतो, आणि पाण्याखाली तर त्याचा निभाव लागत नाही.

जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली होती. भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घातली की तो ओलाव्यातही घट्ट होतो. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोझुओलीची ज्वालामुखी राख वापरून हेच साधलं. अशा पदार्थांना आजही त्या गावावरून पोझोलाना म्हणतात. राखेतला आणि भाजलेल्या मातीतला सिलिका चुन्याशी पाण्यात संयोग पावतो आणि हवेची वाट बघायला लागत नाही. पुढची सगळी सिमेंटविद्या या एका गोष्टीवर उभी राहिली.

१७५६ मध्ये जॉन स्मीटन हा इंग्लिश अभियंता एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधायला निघाला. लाटांच्या माऱ्यात टिकेल असा चुना त्याला हवा होता. निरनिराळ्या ठिकाणची चुनखडी भाजून बघताना त्याला कळलं की ज्या दगडात मातीचा अंश आहे त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो. तोवर शुद्ध चुनखडी उत्तम मानली जाई. स्मीटनने तो समज मोडला. १८१८ मध्ये फ्रान्सच्या लुई विकाने चुनखडी आणि माती ठरावीक प्रमाणात एकत्र भाजून असा चुना हवा तेव्हा बनवता येतो हे मांडलं. सिमेंट किती वेळात बसतं ते मोजायची त्याच्या नावाची सुई आज प्रत्येक सिमेंट प्रयोगशाळेत आहे. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिनने 'पोर्टलँड सिमेंट'चं पेटंट घेतलं; घट्ट झाल्यावर ते पोर्टलँडच्या प्रसिद्ध इमारती दगडासारखं दिसतं, असा त्याचा दावा होता. पण त्याची भट्टी पुरेशी तापत नव्हती. मिश्रण अर्धवट वितळेपर्यंत तापवल्यावर जे काळे, कठीण खडे बनतात ते पूर्वी वाया गेलेले समजून फेकून देत. तेच दळले तर सर्वांत बळकट सिमेंट मिळतं हे पुढच्या दोन दशकांत लक्षात आलं. त्या खड्यांचं नाव क्लिंकर.

भारतात पोर्टलँड सिमेंटचा पहिला प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासला झाला आणि १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्याने उत्पादनाची खरी सुरुवात केली. आज या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-घुग्घुसच्या चुनखडकावर मोठे कारखाने उभे आहेत.

भट्टीतली चार खनिजं

चुनखडी आणि माती यांची बारीक पूड फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकर तयार होतं. स्वीडनच्या टोर्नेबोमने १८९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली खनिजं वेगळी ओळखली आणि त्यांना अलाइट, बेलाइट अशी साधी नावं दिली. अलाइट हे ट्रायकॅल्शियम सिलिकेट. क्लिंकरमध्ये ते साधारण ५० ते ७० टक्के असतं. बेलाइट हे डायकॅल्शियम सिलिकेट, १५ ते ३० टक्के. उरलेल्यात एक कॅल्शियम अॅल्युमिनेट आणि सिमेंटला करडा रंग देणारं लोहयुक्त फेराइट. १९२९ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट बोगने नुसत्या रासायनिक पृथक्करणावरून या चारांचं प्रमाण काढायची सूत्रं दिली. ती आजही वापरात आहेत.

चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. अलाइट उत्साही, पहिल्या महिन्यातली ताकद मुख्यतः त्याची. २८ दिवसांत त्यातलं साधारण ७० टक्के पाण्याशी संयोग पावतं. बेलाइट धीमं, तेवढ्याच दिवसांत त्याचं जेमतेम ३० टक्के काम होतं, पण वर्षभरात ते ९० टक्क्यांच्या घरात पोचतं. उष्णतेतही तोच फरक दिसतो. अलाइटच्या एका ग्रॅममधून सुमारे ५०० ज्यूल बाहेर पडतात, बेलाइटमधून त्याच्या निम्म्याच्या आसपास. अॅल्युमिनेट तर इतकं तापट की नुसत्या क्लिंकरच्या पुडीत पाणी घातलं तर काही मिनिटांत मालाचा गोळा होतो आणि थापी फिरवायलाही वेळ मिळत नाही. म्हणून क्लिंकर दळताना थोडा जिप्सम घालतात. जिप्सममधला सल्फेट अॅल्युमिनेटशी मिळून सुईसारखे स्फटिक बनवतो आणि त्याचा वेग आवरतो. जर्मनीतल्या एट्रिंगेन गावाजवळ हे खनिज निसर्गात सापडलं म्हणून त्याचं नाव एट्रिंगाइट. भारतीय मानकानुसार साधं सिमेंट बसायला किमान ३० मिनिटं लागली पाहिजेत आणि ६०० मिनिटांच्या आत ते पूर्ण बसलं पाहिजे. गवंड्याला माल कालवायला, वाहायला आणि थापायला जो अवधी मिळतो तो या चिमूटभर जिप्सममुळे.

पहिले चोवीस तास

जलसंयोग आतून कसा चालतो हे पाहायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याची उष्णता मोजणं. ठरावीक तापमानाला ठेवलेल्या उष्णतामापकात चमचाभर कालवलेलं सिमेंट ठेवलं की कागदावर एक ठरलेला आलेख उमटतो. पाणी पडताक्षणी एक तीव्र उसळी. त्यानंतर तास-दोन तास जवळजवळ शांतता. मग चढण, साधारण दहा तासांच्या आसपास शिखर. आणि मग लांबलचक उतार, जो पुढे महिनोन् महिने संपत नाही.

त्या शांततेने संशोधकांना शंभर वर्षं छळलं. पाणी आहे, अलाइट आहे, दोघांची ओढही आहे. मग ते थांबतात कशाला? बराच काळ मान्य असलेलं उत्तर असं : पहिल्या काही मिनिटांत प्रत्येक कणाभोवती नव्या पदार्थाचा पातळ पापुद्रा बसतो, तो पाण्याला आत जाऊ देत नाही, आणि पुढे तो फुटला की क्रिया पुन्हा सुरू होते. कल्पना पटण्यासारखी होती, पण असा अखंड पापुद्रा सूक्ष्मदर्शकात खात्रीने कुणाला दिसला नाही. २०१० मध्ये लोझानच्या तंत्रसंस्थेतल्या कॅरेन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी वेगळा खुलासा मांडला. भूगर्भशास्त्रज्ञ खनिजांच्या विरघळण्याचा जो अभ्यास करतात तो त्यांनी अलाइटला लावला. शुद्ध पाण्यात अलाइटच्या पृष्ठभागावर खळगे पडत ते झपाट्याने विरघळतं. पाण्यात कॅल्शियम साचत गेलं की नवे खळगे पडायचे थांबतात, फक्त जुन्या पायऱ्यांच्या कडा हळूहळू झिजतात आणि वेग एकदम पडतो. म्हणजे पापुद्रा नसला तरी शांतता येऊ शकते. ही मांडणी बऱ्याच जणांना पटली, सगळ्यांना नाही. पापुद्र्याच्या बाजूने नवे पुरावे देणारेही आहेत. माझ्या मते आज विरघळण्याचा खुलासा अधिक बळकट आहे, कारण तो पाण्याची रचना बदलली की शांतता किती लांबेल हेही सांगू शकतो.

साखरेचं वागणं इथे लक्षात घेण्यासारखं आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात अर्धा भाग साखर पाण्यात गेली तरी ही शांतता कितीतरी तास लांबते. आणखी थोडी गेली तर सिमेंट दिवसेंदिवस बसत नाही. साखरेचे रेणू नवा पदार्थ रुजण्याच्या जागा अडवून बसतात. उसाच्या मळीच्या डब्यातून आणलेलं पाणी मालात घातलं तर काय होईल ते यावरून कळावं. जुने कारागीर चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर मिसळत. तिथे तो चालतो, कारण साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो. सिमेंटची गोष्ट निराळी.

स्फटिक की जेल?

शांतता संपल्यावर जे बनतं त्यावरून सिमेंटशास्त्रातला सर्वांत जुना वाद झाला. १८८७ मध्ये फ्रान्सच्या आन्री ल शातलिएने आपल्या प्रबंधात म्हटलं की सिमेंट पाण्यात विरघळतं, पाणी अतिसंपृक्त होतं, त्यातून नव्या पदार्थाचे स्फटिक पडतात आणि एकमेकांत गुंततात. ती गुंतवण म्हणजेच ताकद. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये त्याने हे घडताना पाहिलं होतं. जर्मनीच्या विल्हेल्म मिखाएलिसने उलट बाजू मांडली. सिमेंटचा मुख्य पदार्थ स्फटिक नसून सरसासारखा चिकट जेल आहे, आणि आतले न भिजलेले कण त्या जेलमधलं पाणी ओढून घेतात म्हणून तो आवळत जातो. दोन पिढ्या या वादात गेल्या.

आज मागे वळून पाहिलं तर दोघांच्याही हाती खऱ्याचं एकेक टोक होतं. विरघळून पुन्हा साका बसणं ही ल शातलिएची वाट बरोबर निघाली. पण त्या वाटेने जे बनतं ते बहुतांश मिखाएलिसच्या जेलसारखंच आहे. अलाइट आणि बेलाइट पाण्याशी मिळून दोन पदार्थ देतात. एक पोर्टलँडाइट, म्हणजे विझलेला चुनाच, ज्याचे षटकोनी पत्रे सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसतात. दुसरा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, ज्याला जगभर सीएसएच म्हणतात. सिमेंटची जवळजवळ सगळी पकड याचीच, आणि त्याला ना ठरलेला आकार, ना नेमकी रचना. नॅनोमीटरच्या मापाचे पातळ थर, वेडेवाकडे रचलेले, मध्ये पाणी अडकलेलं.

सीएसएचची रचना उलगडण्यात इंग्लंडच्या एच. एफ. डब्ल्यू. टेलर यांचं आयुष्य गेलं. टोबरमोराइट आणि जेनाइट या दुर्मीळ खनिजांशी त्याचं नातं त्यांनी दाखवलं. सिलिकॉन-२९च्या चुंबकीय अनुनादाने पुढे सिद्ध झालं की सुरुवातीला सिलिकेटचे दोन-दोन मणी जोडलेले असतात आणि काळ जातो तसे ते पाच, आठ मण्यांच्या साखळ्या होतात. दगड म्हातारा होतो तशा त्याच्या आतल्या साखळ्या लांबतात. २००७ मध्ये अँड्र्यू अॅलन, जेफ्री थॉमस आणि हॅम्लिन जेनिंग्स यांनी न्यूट्रॉन विखुरवून जेलच्या घन कणांचं रासायनिक सूत्र आणि घनता पहिल्यांदा नेमकी मोजली : सिलिकॉनच्या दर अणूमागे १.७ कॅल्शियम, पाण्याचे १.८ रेणू, घनता २.६०४. दोन वर्षांनी अमेरिकेच्या एमआयटीमधल्या रोलां पेलांक आणि सहकाऱ्यांनी त्या आकड्यांशी जुळणारं अणुपातळीवरचं प्रारूप संगणकावर उभं केलं. सीएसएच हा एकसंध पदार्थ आहे की सूक्ष्म विटांचा ढीग, यावर अजून एकमत नाही. पण वाद आता कल्पनांचा राहिला नाही, मोजमापांचा झाला आहे.

पाहण्याची साधनं आणि त्यांच्या मर्यादा

सिमेंटचं विश्लेषण एका साधनाने होत नाही. क्ष-किरण विवर्तनात अलाइट, पोर्टलँडाइट, एट्रिंगाइट यांची टोकदार शिखरं दिसतात आणि रिटव्हेल्ड पद्धतीने त्यांचं प्रमाण काढता येतं. पण सीएसएच अस्ताव्यस्त असल्यामुळे तिथे नुसता पसरट उंचवटा उमटतो. सर्वांत महत्त्वाचा पदार्थच या साधनाला धूसर दिसतो. नमुना तापवत वजन मोजलं की ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान पोर्टलँडाइट फुटून पाणी सोडतो, त्या घटीवरून किती चुना बनला ते कळतं. सिमेंटमध्ये राख मिसळली असेल तर तिने तो किती खाल्ला हेही तिथेच उघड होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात न भिजलेला कण पांढरा, पोर्टलँडाइट फिकट करडा, सीएसएच गडद करडा आणि पोकळी काळी दिसते. हजारो छायाचित्रांतून त्यांचं क्षेत्रफळ मोजतात.

प्रत्येक साधन थोडं फसवतं. सूक्ष्मदर्शकात ठेवायला नमुना सुकवावा लागतो, आणि सुकवताना ज्या जेलला बघायचं तोच आक्रसतो. पाऱ्याने छिद्रं मोजायची पद्धत फार लोकप्रिय होती. २००० मध्ये सिडनी डायमंड यांनी स्पष्ट लिहिलं की अरुंद तोंडाच्या मोठ्या पोकळ्या या पद्धतीत छोट्या छिद्रांच्या खात्यात जमा होतात, त्यामुळे छिद्रांचे आकार त्यातून कळत नाहीत. अलीकडे पाण्यातल्या हायड्रोजनचा चुंबकीय अनुनाद वापरून नमुना न सुकवता पाणी थरांत किती, जेलमध्ये किती आणि मोठ्या पोकळ्यांत किती हे मोजता येऊ लागलं. या क्षेत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी प्रगती ही, कारण पाण्याबद्दलचा प्रश्न ती पाण्यालाच विचारते.

संगणकाचीही मदत झाली. अमेरिकेच्या मानक संस्थेत डेल बेंट्झ यांनी सिमेंटचा कण घनाघनाने भिजवणारं प्रारूप बनवलं. पुढे शशांक बिष्णोई यांनी लोझानला असताना स्क्रिव्हनरांबरोबर लाखो कण वाढवून दाखवणारं प्रारूप रचलं. आज ते दिल्लीच्या आयआयटीत आहेत. या प्रारूपांचा मोठा उपयोग असा की चुकीचा सिद्धांत लवकर उघडा पडतो. पहिल्या दिवसाच्या शिखरानंतरचा उतार पाणी आत झिरपायला वेळ लागतो म्हणून येतो, ही पाठ्यपुस्तकी समजूत अशीच डळमळीत झाली. जेलच्या सुयांची वाढ आणि उरलेली जागा यांचाच त्यात मोठा वाटा दिसतो.

पाण्याचा हिशेब

या सगळ्या शोधात गवंड्याच्या सर्वांत जवळचं काम अमेरिकेच्या टी. सी. पॉवर्स आणि टी. एल. ब्राउनयार्ड यांचं. १९४६-४७ मध्ये त्यांनी पाण्याच्या वाफेवरून जो हिशेब मांडला तो आजही खरा ठरतो. एक ग्रॅम सिमेंट पूर्ण भिजायला ०.२३ ग्रॅम पाणी रासायनिक बंधनात जातं. शिवाय जेलच्या आतल्या सूक्ष्म जागांत जवळपास तेवढंच पाणी अडकून राहतं. बाहेरून पाणी मिळणार नसेल तर सिमेंट पूर्ण भिजायला वजनाच्या ०.४२ पट पाणी हवं.

हे गोणीत मांडून बघू. ५० किलोच्या गोणीला २१ लिटर पाणी पुरतं. मजूर माल सैल व्हावा म्हणून ३० लिटर ओततो. ते वरचे नऊ लिटर कशाशीही संयोग पावत नाहीत. ते जागा अडवतात आणि निघून गेले की तिथे पोकळ नळ्यांचं जाळं उरतं. एक घनसेंटिमीटर सिमेंटचा साधारण २.१ घनसेंटिमीटर जेल होतो. तेवढाच जेल जास्त जागेत पसरायचा तर फटी राहणारच. ताकद जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे मुंबई-कोकणातलं खारं पाणी त्याच नळ्यांतून गजापर्यंत पोचतं. माल सैल हवा असेल तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर घालणं हाच शहाणपणा.

पॉवर्सच्याच १९५९ च्या कामातून आणखी एक गोष्ट कळली. जेल वाढता वाढता पोकळ नळ्यांची तोंडं बुजवतो आणि एका वेळेला त्या तुटक होतात. तिथून पुढे काँक्रीट पाणी झिरपू देईनासं होतं. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० असेल तर सतत ओलं ठेवल्यावर हे ३ दिवसांत घडतं, ०.४५ ला ७ दिवसांत, ०.५० ला १४ दिवसांत. ०.६० ला सहा महिने लागतात, ०.७० ला वर्ष, आणि त्याच्या पुढे हे कधीच घडत नाही. आजची सिमेंटं जास्त बारीक असल्याने थोडी घाई करतात, पण क्रम तोच. म्हणजे ज्या घरात माल सैल होता तिथे आठवडाभर पाणी मारूनही नळ्या उघड्याच राहतात.

जलसंयोगाला आतली आर्द्रताही भरपूर लागते. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली की क्रिया जवळजवळ थांबते. विदर्भातल्या मे महिन्याच्या वाऱ्यात उघड्या स्लॅबच्या वरच्या थराचं हे एका दुपारी होतं. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवणं, कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजतं ठेवणं, यामागचं शास्त्र एवढंच. भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि वीजकेंद्राची राख किंवा लोखंडाच्या भट्टीचा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा सांगतं, आणि कोरड्या उष्ण हवेत मिश्र सिमेंटसाठी १४ दिवसांपर्यंत वाढवायला सुचवतं.

उष्णतेचा हिशेबही विसरून चालत नाही. जाड काँक्रीटच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही, आतला भाग फुगतो, बाहेरचा थंड होतो आणि भेगा जातात. अमेरिकेतलं हूवर धरण १९३०च्या दशकात एकसंध भरलं असतं तर निवायला शंभरावर वर्षं लागली असती, असा अंदाज होता. म्हणून ते ठोकळ्या-ठोकळ्यांनी भरलं आणि आत नळ्या घालून थंड पाणी खेळवलं. आपल्याकडे सह्याद्रीच्या डोंगरात घाटघर प्रकल्पाची धरणं बांधली, ती रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली. त्यांच्या सिमेंटच्या मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा होता. राख सावकाश काम करते, म्हणून उष्णताही सावकाश येते. पोटातलं तापमान ७० अंशांच्या वर गेलं तर एट्रिंगाइट तेव्हा बनत नाही, वर्षांनंतर घट्ट झालेल्या दगडात बनतं आणि त्याला आतून फोडतं. म्हणूनच पायाच्या मोठ्या राफ्टचं काम रात्री करतात आणि पाण्यात बर्फ घालतात.

नवी सिमेंटं, जुनी सुरखी

जगात वर्षाला सुमारे चार अब्ज टन सिमेंट बनतं आणि माणसाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा त्याचा. यातला बराच भाग इंधनाचा नाही, चुनखडीचाच आहे : १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो वायू बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर तापवली तरी हा वायू सुटणारच. म्हणून क्लिंकर कमी करणं हाच मोठा उपाय. आपल्याकडच्या पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटच्या गोणीत ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अॅश, म्हणजे वीजकेंद्राची राख असते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत भट्टीची मळी.

सर्वांत आशादायक मिश्रण मात्र सध्या भाजलेल्या मातीचं आहे. एलसी३ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिमेंटमध्ये निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम असतो. माती भाजायला ७०० ते ८५० अंश पुरतात आणि उत्तम पांढरी चिनी मातीही लागत नाही. तिच्यात केओलिनाइट हे खनिज ४० टक्के असलं तरी भागतं. लोझान, क्यूबा, दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून यावर काम केलं आणि भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानक काढलं. माती आणि चुना यांचा संयोग तोच, जो आपल्या सुरखीच्या कारागिरांना ठाऊक होता. नवं एवढंच की मातीतला अॅल्युमिना चुनखडीशी मिळून कार्बोअॅल्युमिनेट नावाचे पदार्थ बनवतो आणि ते छिद्रं बारीक करतात. सातव्या दिवशीच त्याची ताकद साध्या सिमेंटच्या बरोबरीला येते.

या नव्या सिमेंटांचं विश्लेषण अवघड आहे. भाजलेली माती आणि राख दोन्ही अस्ताव्यस्त रचनेची, त्यामुळे किती शिल्लक आहे ते विवर्तनात दिसत नाही. उन्हाळ्यात त्यांचं वागणं, गजाच्या गंजण्यावर चाळीस वर्षांनी होणारा परिणाम, चुना कमी झाल्याने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपुढे टिकाव, हे प्रश्न अजून उघडे आहेत. एवढं मात्र नक्की की क्लिंकर जितकं कमी, तितकं पहिल्या दिवसांतल्या ओलाव्याचं महत्त्व जास्त. राखेला काम करायला चुना लागतो, चुना बनायला क्लिंकर भिजावं लागतं आणि दोन्हींना पाणी लागतं. पीपीसी वापरून तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळणारा बांधकामदार राखेला उपाशी ठेवतो. पुढे भेगा पडल्या की दोष राखेला जातो.

२८ दिवसांच्या पुढे

सिमेंटच्या ताकदीचा आपला आकडा २८ दिवसांचा आहे. तमिळनाडूतल्या एण्णूरच्या प्रमाणित वाळूत एकास तीन माल करून ७०.६ मिलिमीटरचे ठोकळे पाडतात आणि चार आठवड्यांनी फोडतात. आकडा तुलनेसाठी चांगला आहे, पण त्याने आपल्याला घाई शिकवली. २८ दिवसांचा आकडा मोठा यावा म्हणून अलाइट वाढलं, दळण बारीक झालं, धीमं बेलाइट मागे पडलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१० पासून उघड्यावर ठेवलेल्या ठोकळ्यांनी याचा दीर्घ परिणाम दाखवला. १९१० च्या भरड, बेलाइटवाल्या सिमेंटचं काँक्रीट पन्नास वर्षं बळकट होत राहिलं. १९३७ च्या बारीक सिमेंटचं दहा ते पंचवीस वर्षांत शिखरावर पोचलं आणि मग थोडं उतरलं. ज्यांनी मंद काम केलं त्यांनी पुढे साथ दिली.

म्हणून सिमेंटविद्येचं सार मला एका शब्दात सापडतं, आणि तो शब्द आपल्याच भाषेत आहे. जुने कारागीर चुना मुरवत. पाणी जमिनीत मुरतं, लोणचं बरणीत मुरतं, एखादा माणूस त्याच्या कामात मुरलेला असतो. मुरणं म्हणजे आत शिरणं आणि वेळ घेऊन पक्कं होणं. सीएसएचच्या साखळ्या लांबतात, नळ्यांची तोंडं बुजतात, बेलाइट वर्षभर भिजत राहतं, या सगळ्याला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. उद्या स्लॅबवरून खाली येऊन घरमालकाने "वाळलाय"ऐवजी "मुरतोय" म्हटलं, तर पाइप आणखी आठवडाभर चालू राहील, आणि त्या घराच्या पुढच्या पन्नास वर्षांसाठी तेवढा आठवडा फार मोठा आहे.